अंगाला न चिकटणारं कापड

कापड कशाचंही होतं, असा माझा हट्ट होता. इचलकरंजीत तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, त्यातली निम्मी जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेला माग वळणावर आणणारा माणूस. पुढे ते माग भंगारात गेले, मी कोल्हापुरात येऊन राहिलो, आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून जुन्या पलंगाच्या चौकटीचा एक हातमाग उभा केला. त्याच्यावर दुधाच्या पिशव्या कापून त्यांच्या पट्ट्या विणल्या. कॅसेटमधली टेप विणली. सिमेंटच्या पोत्यांचे दोरे, घायपाताचा वाख, मक्याच्या कणसांची सालं, सगळं विणून झालं. एकदा न्हाव्याच्या दुकानातून पोतंभर केस आणले, तेव्हा बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टेपचं कापड दिसायला झकास होतं, पण अंगावर घेतलं की चालताना कुरकुरायचं.

गल्लीत मला येडा म्हणायचे आणि ते मला आवडायचं. माझी खरी खोट तिथंच होती. येडा म्हणवून घेणाऱ्या माणसाला कुणाला काही विचारायची गरज वाटत नाही. चुकलं तर लोक हसतात, एवढंच होतं. माझ्या हातून झालेल्या कापडानं कुणाचं काही बिघडेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं मला तिनंच वाढवलं. लग्न होऊन ती शाहूवाडीकडं डोंगरात गेली, भाताची रोपं लावत लावत म्हातारी झाली. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा फौजेत. गेल्या वर्षी तिच्या तोंडात आधी फोड आले, मग पाठीवर, मग काखेत, पोटावर, मांड्यांवर. फोड यायचे, फुटायचे आणि खालचं मांस उघडं राहायचं. तिनं तीन महिने झाडपाला लावून काढले. कुणीतरी मला फोन केला तेव्हा मी गाडी करून तिला माझ्या घरी कोल्हापुरात आणली. गाडीत ती बसूच शकत नव्हती. सगळा रस्ता तिनं पुढच्या सीटला धरून, अर्धवट उभं राहून काढला.

डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं, ते मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. पंधरा दिवस दवाखान्यात ठेवून त्यांनी गोळ्या लावल्या, आणि घरी कसं सांभाळायचं ते माझ्या बायकोला शिकवलं. पलंगावर चादर नको, केळीची पानं अंथरा, असं ते म्हणाले. पानं वाफवायची, गार करायची, खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि त्यावर पेशंट निजवायचा. केळीचं पान जखमेला चिकटत नाही, कापड चिकटतं. चिकटलेलं कापड काढताना काय होतं ते आम्ही बघितलं होतं. अक्काच्या पाठीवरून जुन्या धोतराचा मऊ तुकडा सोडवताना तिच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली होती.

मी कामट्यांची कमान करून तिच्या अंगावर उभी केली आणि कमानीवर चादर टाकली. चादर तिला लागायची नाही. त्या कमानीखाली अक्का तीन आठवडे अंगावर सुताशिवाय पडून होती. चिखलात लावणी करतानासुद्धा जिचा डोक्यावरचा पदर ढळला नाही, ती ही बाई. मी खोलीत पाऊल टाकलं की ती तोंड भिंतीकडं करायची. शेवटी मी उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून तिथूनच बोलायला लागलो. ती आतून उत्तर द्यायची.

एक दिवस भाच्याचा फोन आला. सुट्टी मंजूर झाली होती, दहा दिवसांनी तो येणार होता. त्याला तिनं जरा खरूज उठलीय एवढंच सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर तिनं मला हाक मारली.

"मला कायतरी नेसव," ती म्हणाली. "पोरासमोर मी अशी पडायची न्हाय."

"अगं, तुझाच पोरगा हाय की त्यो."

"म्हणूनच सांगतोय तुला. पदर घेऊन खुर्चीत बसलेली दिसली पायजे मी त्याला. तू कशाचंबी कापड करतोस नव्हं? मग माझ्यासाठी कर की."

बाई असून ती माझ्याशी बोलताना कधी कधी अशी पुरुषासारखी बोलायची, तिकडच्या बायका बोलतात तशी. पण हे तिनं असं काही सांगितलं की मला खरं तर आनंद झाला. हे लिहायला आज लाज वाटते. तिच्या अंगाची आग होत होती आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या नादाचा कुणाला तरी उपयोग आहे याचा आनंद झाला होता.

दहा दिवस हातात होते. चिकटणारं कापड आणि न चिकटणारं कापड ओळखायचं कसं, हा पहिला प्रश्न. त्यावर मी एक युक्ती काढली. अंड्यातला पांढरा बलक दंडाला फासायचा, त्यावर कापडाचा तुकडा ठेवायचा, सुकू द्यायचा आणि ओढून बघायचं. केसांसकट उपटून आलं की ते कापड बाद. माझा डावा दंड दोन दिवसांत गुळगुळीत झाला.

"अंडी खायची असत्यात," बायको म्हणाली. "अंगाला कोण फासतं?"

मलमल बाद झाली. रेशीम बाद झालं. दुधाच्या पिशवीचं विणलेलं कापड चिकटलं नाही, पण त्याच्याखाली घामानं दंड पांढराफटक पडला. केळीच्या सोपटाचा धागा काढून विणला, तर तो टोचत होता. धागा कितीही कुटला, उकळला, तरी त्याची कुसं जाईनात. पाचव्या दिवशी सोपटं सोलता सोलता माझ्या नखाला एक पापुद्रा लागला. केळीच्या खोडातल्या प्रत्येक सोपटाला आतल्या अंगानं एक पातळ, तुकतुकीत साल असते. ओलेपणी ती हळूच ओढली की चार बोटं रुंद पट्टी निघते. मी ती उकळली, सावलीत वाळवली, तेलाचा हात दिला आणि बलकावर ठेवली. सुकल्यावर टोक धरून उचलली, तर ती आपसूक उठून आली. मी तिथंच मोठ्यानं ओरडलो. आतून अक्कानं विचारलं, काय झालं रे. मी म्हटलं, झालं.

तो पापुद्रा एकटा अंगावर टिकणारा नव्हता, वाकला की तडकायचा. त्याला पाठीमागून आधार लागणार होता. मी जुनी मलमल घेतली आणि तिच्यावर पापुद्र्याच्या पट्ट्या कडेला कडा मिळवून चिकटवल्या. पापुद्रा अंगाकडून, मलमल बाहेरून. चिकटवायला चिंचोक्याची खळ शिजवली. खळ शिजवणं आमच्या घरातलंच काम. माझे वडील सायझिंगमध्ये होते, सुताला मागावर चढवण्याआधी खळ पाजतात तिथं. चिंचोके भाजून, फोडून, दळून त्याची खळ कशी करायची, ती बोटाला कितपत ओढली पाहिजे, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

मी डॉक्टरांना जाऊन विचारलंही. अगदीच काही येडेपणा केला नाही. केळीच्या सालीचं कापड अंगावर घातलं तर चालेल का, असं विचारलं. ते हसले. तासाभरासाठी चालेल म्हणाले, पण स्वच्छ पाहिजे. तिच्या गोळ्या अशा आहेत की अंगात काही शिरलं तर ते आवरणार नाही, बुरशी तर अजिबात चालायची नाही.

आषाढ होता. घरातल्या भिंतींना ओल होती. सातव्या दिवशी मी वाळत घातलेला पहिला तुकडा बघितला, तर खळ लावली होती तिथं तिथं काळे ठिपके धरले होते. खळ म्हणजे शेवटी पीठच, तिला पावसाळ्यात बुरशी येणारच. तीन दिवसांची मेहनत मी उचलून उकिरड्यावर टाकली.

आणि मग मी नवी खळ शिजवली, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं.

मी काही विचार केला नव्हता. हात आपोआप गेला, असंच म्हणावं लागेल. वडील पावसाळ्यात खळीत मोरचूद टाकायचे. वह्या बांधणारेसुद्धा टाकतात. बुरशी येऊ नये म्हणून निळा खडा कुटून टाकायचा, हे आमच्या लोकांच्या हाडात भिनलेलं आहे. घरात, द्राक्षबागेवर मोरचूद फवारणाऱ्या पाहुण्यानं दिलेली पुडी होतीच. डॉक्टरांनी बुरशी नको म्हणून बजावलं होतं, आणि बुरशीवर इलाज मला ठाऊक होता. मला तर आपण फार काळजी घेतली असंच वाटलं. वडील टाकायचे त्यापेक्षा एक चिमूट जास्तच टाकली.

नव्या कापडाला ठिपका आला नाही. मी त्याचं पुढून उघडणारं, नाड्यांनी बांधायचं झंपर शिवलं, बाह्या ढगळ ठेवल्या आणि कमरेखाली गुंडाळायला एक रुंद पट्टा केला. अक्काच्या अंगाला लावायच्या आधी मी स्वतः ते झंपर एक पूर्ण दिवस उघड्या अंगावर घालून बसलो. घाम आला, खाज नाही, पुरळ नाही, काही नाही. बायकोला म्हटलं, बघ, लोण्यासारखं आहे.

दहाव्या दिवशी सकाळी भाचा स्टेशनवर उतरला. तो घरी पोचायच्या अर्धा तास आधी बायकोनं अक्काला झंपर घातलं, पट्टा गुंडाळला आणि वरून तिच्याच जुन्या लुगड्याचा पदर सोडला. मी दाराबाहेर होतो. बायकोनं हाक मारली तेव्हा आत गेलो. अक्का खुर्चीत बसली होती, डोक्यावर पदर होता. ती माझ्याकडं सरळ बघत होती. तीन आठवड्यांत तिचं तोंड मी नीट बघितलं नव्हतं. ती इतकी खंगली होती हे मला तेव्हा कळलं.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"हलकं हाय," ती म्हणाली.

भाचा आला. तिला बघून उंबऱ्यातच थांबला, पण त्यानं सावरून घेतलं. पाया पडला, खाली तिच्यासमोर बसला. ती बोलायला लागली. जेवण कसं असतंय, हवा कशी हाय, तुझी पोरं शाळेत जात्यात का, बायकोशी भांडत न्हाईस नव्हं. त्याच्या मिशा बारीक झाल्यात म्हणून रागावली. तोंड सोलवटलेलं असताना अर्धा कप चहासुद्धा प्यायली. मी कोपऱ्यात बसून त्या दोघांकडं बघत होतो, आणि खोटं कशाला सांगू, त्यापेक्षा जास्त मी माझ्या झंपराकडं बघत होतो. शिवण कुठं ताणलीय का, पट्टी कुठं सुटलीय का. तिच्या हातांकडं माझं लक्षच नव्हतं. खुर्चीचे हात तिनं किती घट्ट धरले होते ते बायकोनं नंतर सांगितलं.

दीड तासानं ती भाच्याला म्हणाली, "जा, मामाला घेऊन मटण आण. चांगलं बघून आण, घाई करू नगंस." तो तिच्याजवळून हलेना, तेव्हा तिनं त्याला दटावलं.

आम्ही तासाभरानं परतलो. बायको मागच्या दारात उभी होती. तिनं मला बाजूला घेतलं. भाच्याला चहाच्या निमित्तानं पुढं पाठवलं.

"ह्यात काय घातलंयसा?" तिनं विचारलं. झंपर तिच्या हातात होतं. ते कुठंच चिकटलं नव्हतं. माझ्या मनासारखं, पानासारखं सुटून आलं होतं. घामानं आणि जखमांच्या लसीनं खळ भिजून पट्ट्यांच्या सांध्यांमधून आत झिरपली होती, तिथं निळसर रेघा उठल्या होत्या. अक्काच्या पाठीवर आणि पोटावर, जिथं जिथं सांधा आला होता तिथं तिथं, उघड्या मांसावर काळपट पट्टे पडले होते. एकाशेजारी एक, चार चार बोटांवर.

मी सांगितलं. ती पाणी उकळायला निघून गेली.

त्याच दिवशी दुपारी अक्काला परत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, चिंचोक्यापासून. मोरचूद म्हटल्यावर त्यांनी लिहिणं थांबवलं. मी म्हटलं, मी स्वतः दिवसभर घालून बघितलं होतं. ते म्हणाले, "काका, पण तुमच्या अंगाला कातडी होती."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द बोललो असतो. माझा स्वभाव तसा आहे.

जखमा चिघळल्या. ताप आला. तिसऱ्या दिवशी मी भाच्याला दवाखान्याच्या जिन्यात गाठून खरं काय ते सांगून टाकलं. तो ऐकत राहिला. मग खाली गेला. मला वाटलं आता हा माणूस परत माझं तोंड बघणार नाही. थोड्या वेळानं तो दोन चहा घेऊन वर आला, एक माझ्या हातात दिला आणि माझ्याशेजारी पायरीवर बसला.

अक्कालाही सांगायचं होतं. ती शुद्धीत असताना मी पलंगाजवळ गेलो. तिनं भिंतीकडं तोंड केलं नाही, तेवढी ताकद राहिली नव्हती.

"अक्का, त्या खळीत मी मोरचूद घातलतं."

"घातल्या घातल्या झोंबाय लागलतं," ती म्हणाली.

"मग बोलली का न्हाईस? लगेच काढलं असतं की."

"काढलं असतं, मग त्याच्यासमोर काय घातलं असतंस?" ती दम घ्यायला थांबली. "झोंबत हुतं, पर अंगावर हुतं."

मी रडलो. साठीच्या घरातला माणूस मी, वॉर्डात सगळ्यांसमोर हमसून रडलो. तिनं मला रडू नको म्हटलं नाही. मी रडावं असंच तिला वाटत असेल, तर तेही बरोबर आहे.

दवाखान्यात नेल्यापासून अकराव्या दिवशी ती गेली. कापडानं गेली की रोगानं, असं मी डॉक्टरांना विचारलं. रोग मोठाच होता, कदाचित हे नसतं झालं तरी, असं काहीतरी ते म्हणाले. त्या कदाचितवर मी जगतो. काही दिवस तो पुरतो, काही दिवस पुरत नाही.

आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरनं आणायचं असतं. तिचं माहेर म्हणजे मीच. मी भाच्याला म्हटलं, माझ्या हातचं कापड परत तिच्या अंगाला लागायला नको, तूच कुणाकडून तरी आणव. तो म्हणाला, "मामा, तुम्हीच आणा."

दुकानदारानं पुढ्यात लुगड्यांची चवड टाकली. मी एकेकाचा पदर बोटांत धरून चोळून बघत होतो. सगळी ताठ, कडक. मी विचारलं, खळ नसलेलं आहे का एखादं.

"पावणं, नवं म्हटल्यावर खळ असणारच की," तो म्हणाला. "एकदा धुतलं की मऊ पडतंय बघा."

मी त्यातलं एक घेतलं. घरी आलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती, आत बायकांनी तिला आंघोळ घालून ठेवली होती आणि लुगड्याची वाट बघत होत्या. मी ते कुणाच्या हातात दिलं नाही. तसाच मागच्या नळाकडं गेलो, बादलीत ते उलगडून टाकलं आणि धुवायला बसलो. पाणी पांढुरकं झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. कुणीतरी येऊन म्हणालं, "आरं, आता कशाला धुतोयस? खोळंबा व्हाय लागलाय." मी मान वर केली नाही. तिसऱ्या पाण्याला भाचा आला. तांब्या घेऊन तो वरून पाणी ओतत राहिला आणि मी चोळत राहिलो, पाणी नितळ येईपर्यंत. मग आम्ही दोघांनी दोन टोकं धरून लुगडं पिळलं.

बायको ते ओलंच घेऊन आत गेली आणि दार लावलं. मी बाहेर उभा होतो. इतके दिवस त्या दाराआड तिला कापड लागलं की कण्हणं ऐकू यायचं. त्या दिवशीही मी अंग आक्रसून उभा राहिलो. आत बांगड्या वाजल्या, नेसवता नेसवता बायका हलक्या आवाजात एकमेकींना काही सांगत होत्या. अक्काचा आवाज आला नाही.